थांबलं तरी चालतं

“थांबा जरा,” खराडे म्हणाले. “ती मधली ओळ परत एकदा सांगाल का, दाजी? मला पकडता आली नाही.”

लवूचा हात ढोलकीवरच राहिला. दाजींची झांज बंद झाली. समोर बसलेल्या एकानं तोंडाशी नेलेला माडीचा पेला तसाच खाली ठेवला. आमच्या दुकानात रविवारच्या बैठकीला दाजी केळुसकर गायला बसले की त्यांना मधेच अडवायला अलीकडे कुणी धजत नसे. पण खराडे घाटावरचे, बँकेत कॅशियर म्हणून नुकतेच बदलून आलेले. त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं.

दाजींनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. ओठ किंचित हलले. मला वाटलं, आता ओळ सांगतील. पण त्यांनी झांजा पिशवीत घातल्या आणि ते उठले.

“ही काय शाळा नाय,” ते म्हणाले. “ज्येका गाणा येता तेनी हय बसाचा. ज्येका येना नाय तेनी घराकडे शिकाचा, आनी मगे येवचा.”

“घरी कुणाकडून शिकू, दाजी? ही गाणी तुमच्याशिवाय येतात कुणाला?”

खराड्यांनी ते अगदी साधेपणानं विचारलं होतं. दाजी पायऱ्या उतरून गेले. त्यांचा पेला भरलेलाच राहिला.

खराडे माझ्याकडे वळले. कानापर्यंत लाल झाले होते. “माझं काही चुकलं का, वहिनी?”

मी काही बोलायच्या आत लवूच म्हणाला, “तुमचा काय चुकाक नाय, साहेब. पण फुडच्या वेळेक भायरच्या बाकड्यार बसा आनी नुसता आयका.”

ही गोष्ट जुनी आहे. आमचं गाव मालवणच्या दक्षिणेला, खाडीच्या तोंडाशी. माझ्या सासऱ्यांनी तिथं राहत्या घरालाच लागून माडीचं दुकान काढलं. पुढे ते माझ्या नवऱ्यानं, सदानंदानं, चालवलं. तो माडावरून पडून गेला तेव्हा लोकांना वाटलं, दुकान आता बंद होणार. पण लवू रेडकर माडावर चढून माडी काढायचा, सकाळ-संध्याकाळ ती आणून द्यायचा, आणि मी गल्ल्यावर बसायला लागले. पहिल्यांदा लोक बिचकले, मग सवयीचे झाले. मी जयवंती. पण गावात मला सगळे जयू म्हणतात, नाहीतर वयनी.

रविवारची बैठक सासऱ्यांच्या वेळेपासूनची. होडी पाण्यात लोटताना म्हणायची गाणी, वल्ही मारतानाची, शिमग्यातली, हळदीची. ती दाजींना त्यांच्या मामांकडून आली होती. दाजी होड्या बांधणारे सुतार. ज्या होडीला त्यांचा हात लागला ती पाण्यात जाताना दाजींचं गाणं व्हायचंच. सदानंदाला गायला त्यांनीच शिकवलं, आमच्याच पडवीत बसून. एक ओळ चुकली की परत, परत चुकली की परत, पण आवाज कधी चढायचा नाही. मी तेव्हा नवी नवरी होते. आत भात शिजत टाकून मी त्यांचं ते शिकवणं ऐकत राहायची.

तो माणूस दोनेक वर्षांत बदलला होता. गाणी ठरावीकच गायचे. सुरुवात केली की शेवटापर्यंत दम घ्यायचे नाहीत, लवूच्या ढोलकीलाही मागे टाकायचे. फिलू फर्नांडिस, आमच्याकडचा इंजिनं दुरुस्त करणारा, त्याला गाण्याची फार हौस. त्यानं एकदा गाणं मधेच थांबवून एका शब्दाचा अर्थ विचारला, तर दाजींनी त्याला सगळ्यांदेखत असं काही सुनावलं की तो पुन्हा बैठकीत बसला नाही. आणखी दोघेतिघे असेच गेले. उरले दाजी, लवू, आणि ऐकणारे. लोक म्हणायचे, दाजींना गर्व झाला. मलाही तसंच वाटायचं. वय झालं की काही माणसं आंबतात, त्यातलंच हे, असं मी मनाशी धरून चालले होते.

खराड्यांच्या त्या प्रसंगानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी लवू माडी घेऊन आला. मडकी उतरवता उतरवता म्हणाला, “वयनी, मी ढोलकी वाजवतंय, पण गाणी माका येनत नाय. मामांची गाणी दाजींकडे इली. दाजींची कोणाकडे जातली?”

“माका येतत,” मी म्हणाले.

ते मी कसं बोलून गेले, मलाच कळलं नाही. लवूनं हातातलं मडकं खाली ठेवलं.

“तुमका?”

“सगळी नाय. पण बरीच. इतकी वर्सां गल्ल्यार बसान आयकतंय मरे.”

“मगे तुमीच शिकवा तेंका. फिलूक, त्या बँकेच्या सायबाक.”

“मी? माडीच्या दुकानात? पुरुषांच्या मधी बसान?”

“दुकान तुमचा आसा, वयनी,” लवू म्हणाला आणि रिकामी मडकी घेऊन निघून गेला.

तो आठवडा मला नीट झोप लागली नाही. दुकानावर बसणं वेगळं, गाणं वेगळं. बाईनं दुकान चालवलं तर पोटासाठी म्हणून लोक समजून घेतात. गाण्याला तसं कुठलंच कारण सांगता येत नाही. पण शनिवारी खराडे माडी न घेताच बाहेरच्या बाकड्यावर येऊन बसले. मी विचारलं, “आज गाणा नाय. कशाक बसलात?”

“असाच,” ते म्हणाले. “बँकेतनं खोलीवर गेलं की भिंतीशीच बोलायचं असतं. बायको-पोरं तिकडं कागलला. इथं निदान माणसं बोलताना कानावर पडतात.”

मी त्यांना म्हटलं, “उद्या दिस बुडाच्या आधी या. बैठकीच्या आधी. फिलूकय सांगा.”

दुसऱ्या दिवशी पडवीत दोघे येऊन बसले. लवू ढोलकी मांडीवर घेऊन एका बाजूला. मी समोर बसले आणि माझा आवाजच फुटेना. तोंड उघडलं, खाकरले, पाणी प्यायले. काही उपयोग नाही. खराडे माझ्याकडे बघत होते. त्यांच्या ते लक्षात आलं. “वहिनी, मी असा तिकडं तोंड करून बसतो,” ते म्हणाले आणि खाडीकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ करून बसले. फिलूनंही न सांगता पाठ फिरवली. त्या दोन पाठींना मी पहिलं गाणं शिकवलं.

“लोट रे गड्या होडी, पाणी लागला पायांक,
वारो सांगान गेलो, सांज झाली गावाक.”

बैठकीत हे गाणं घोड्यासारखं पळायचं. मी ते पावलापावलानं नेलं. आमच्यात नेम ठरवायला कुणी बसलं नाही, पण ते आपोआप ठरत गेले. ज्याची ओळ सुटेल त्यानं हात वर करायचा, मग सगळ्यांनी थांबायचं. कुणी हसायचं नाही. ‘अजून येत नाही?’ असं कुणी कुणाला विचारायचं नाही. एका संध्याकाळी एकच गाणं. ते येत नाही तोवर दुसरं नाही. ढोलकी सुरुवातीला नाहीच. गाणं तोंडात बसलं की मग लवू हलक्या हातानं ठेका धरायचा.

सासूबाई माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. शेजारपाजाऱ्यांनी त्यांना काय काय सांगितलं असेल ते मी विचारलं नाही. आम्ही मात्र दर रविवारी बसत राहिलो. एकदा आम्ही हळदीचं गाणं म्हणत होतो आणि आतून त्यांचा आवाज आला, “जात्यार हळद आधी दळतत, मगे नवऱ्याक लायतत. कडवां उलटी म्हणतास तुमी.” मी कडवी सुलट केली. त्या रात्री त्यांनी माझं ताट स्वतः वाढलं.

हळूहळू माणसं वाढली. फिलूची बायको रोझी यायला लागली. जाळी विणणारे दोघे भाऊ आले. कुणाला सूर नव्हता, कुणाला ठेका नव्हता, पण आलेला माणूस गळत नव्हता. खराडे तर ओठांतल्या ओठांत गाणी घोळवत बँकेत नोटा मोजायचे, असं फिलू सांगायचा. ही बैठक उरकून आम्ही उठायचो, मी गल्ल्यावर जायची, आणि मग दाजींची बैठक सुरू व्हायची. शिकणारे बाहेरच्या बाकड्यावर बसून ऐकायचे. दाजी आमच्याबद्दल चकार शब्द काढत नव्हते. कानावर गेलं नसेल असं शक्यच नव्हतं.

एका रविवारी गाता गाता माझं लक्ष कुंपणाकडे गेलं. दाजी तिथं उभे होते. झांजांची पिशवी हातात, मान खाली. रोझीची ओळ सुटली, तिनं हात वर केला, सगळे थांबले. मी ओळ परत सांगितली. दाजींनी मान वर करून आमच्याकडे पाहिलं. राग असेल असं धरून मी घाबरले होते, पण राग नव्हता. उपाशी माणूस दुसऱ्याच्या पानाकडे बघतो तसं काहीतरी त्या बघण्यात होतं. मी उठून ‘येवा’ म्हणेपर्यंत ते निघून गेले. त्या संध्याकाळी बैठकीला आलेच नाहीत.

पुढच्या रविवारी आले. होडीचंच गाणं धरलं. नेहमीसारखे सुसाट निघाले. बाहेरच्या बाकड्यावरची माणसं पहिल्यांदाच त्यांच्यामागून ध्रुवपद म्हणत होती, अगदी हळू. दाजींनी त्यांना अडवलं नाही. दुसरं कडवं संपत आलं आणि लवूच्या ढोलकीची दोरी निसटली. चामडं सैल पडलं, आवाज बसला. लवूनं हात वर केला. “थांबा, दाजीनू, आवळून घेतंय.”

गाणं थांबलं. लवूनं दोरी ओढली, गाठ मारली, थाप मारून बघितली. “हां. चला, तिसऱ्या कडव्यापासून.”

दाजींनी तोंड उघडलं. काही आलं नाही.

त्यांनी झांज एकदा वाजवली. परत तोंड उघडलं. त्यांची नजर लवूवरून माझ्यावर, माझ्यावरून छपराकडे फिरली. समोरची माणसं वाट बघत होती. कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. दाजी मुद्दामच ताणतायत असंच त्यांना वाटलं असेल. पण मी दाजींचा हात पाहिला. झांजेची दोरी बोटांत गच्च आवळून ते बसले होते आणि बोटं पांढरी पडली होती.

बाहेरच्या बाकड्यावरून खराड्यांचा आवाज आला. मोठा नव्हता. आमच्या पडवीत एकमेकांना ओळ देतात तसाच.

“सुकाणू धरी म्हातारो, डोळे तेचे वाऱ्यार…”

दाजींनी ती ओळ घेतली. बुडत्याला दोर मिळावा तशी घेतली. पुढची त्यांची त्यांनाच आली, तिच्यापुढची मात्र अडली. खराड्यांनी ती दिली. मग फिलूनं एक दिली. गाणं शेवटापर्यंत गेलं. लोकांनी माना डोलावल्या. लवू माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. दाजी दुसरं गाणं न धरता उठले.

मी गल्ला तसाच टाकून त्यांच्यामागे गेले. ते खाडीच्या कडेला, ओढून ठेवलेल्या एका होडीला टेकून उभे होते. उजेड अजून होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

“कधीपासून असा होता, दाजीनू?”

त्यांनी होडीवरची वाळू झटकली. मग म्हणाले, “सुरू केला की येता गो. पाण्यासारा येता. मधी कोणी थांबवला की काळोख. खयसून इलंय, खय जावचा, काय्येक गावना नाय. पयल्यापासून धरलंय तरच येता, आनी तेवाय खयतरी सुटता.”

“म्हणान फिलूक बोललात? खराड्यांका?”

“मगे काय सांगू? दाजीक मामांची गाणी आठवनत नाय म्हणान सांगू?” त्यांनी होडीच्या कडेवर हात फिरवला. “ह्या माझ्या हातचा काम. फळयो कशे बसवलंय ता इचार माका. सांगाक येवचा नाय. ह्या फक्त मंजुळेक म्हायत आसा. आनी आता तुका.” मंजुळा म्हणजे त्यांची बायको, आमची मंजुळाकाकी.

मला एकेक गोष्ट आठवायला लागली. ठरावीक गाणी, तो वेग, दम न घेणं. आम्ही त्याला गर्व म्हणत होतो. वाटेत कुणी थांबवू नये म्हणून धावणारा माणूस होता तो.

“त्या दिसाक कुंपणाकडे उभे होतात,” मी म्हणाले. “आत कशाक येवक नाय?”

“खय येव? नवशिक्यांत?”

“थय कोणी थांबलो तरी चलता, दाजीनू. सगळेच थांबतत.”

ते होडीच्या फळीवरून हात फिरवत राहिले. मी परत निघाले. वर दुकानात गिऱ्हाईक हाका मारत होतं.

पुढचा रविवार गेला. दाजी आले नाहीत. बैठकही झाली नाही. त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही पडवीत बसलो होतो, ऊन अजून माडांच्या शेंड्यांवर होतं, आणि मंजुळाकाकी पुढे, दाजी मागे, असे दोघे पायऱ्या चढून आले. खराडे चटकन उठले. त्यांनी माझ्या समोरची, मधली जागा मोकळी केली. दाजींनी मान हलवली.

“नको. हयच बरा आसा,” ते म्हणाले आणि रोझी आणि जाळीवाल्या भावांच्या मधे, भिंतीकडच्या बाकड्यावर टेकले. झांजा आणल्या नव्हत्या.

कुणी काही विचारलं नाही. मी गाणं सुरू केलं. दोन ओळी झाल्या असतील, दाजींनी हात वर केला. आम्ही थांबलो. मी ओळ परत सांगितली, त्यांनी ती म्हटली, आणि आम्ही पुढे गेलो. इतकंच झालं. खराड्यांनी मात्र चष्मा काढून धोतरासारखा मोठा रुमाल तोंडावर फिरवला, आणि बराच वेळ फिरवत राहिले.

त्यानंतर वर्ष, सव्वा वर्ष दाजी येत राहिले. आणि एक गोष्ट अशी झाली की जिचा आम्ही कुणी विचार केला नव्हता. थांबायची भीती गेल्यावर त्यांच्याकडून गाणी यायला लागली. त्यांनी कित्येक वर्षांत न गायलेली, सदानंदालाही न शिकवलेली. कुणी मधे शब्द विचारला की ते थबकायचे, शोधायचे, आणि जे शोधत होते ते सापडायचं नाही, भलतंच काहीतरी हाताला लागायचं. आम्ही ते लगेच तोंडात घ्यायचो. सगळे मिळून, परत परत, विसरायच्या आत. अर्धं मला राहायचं, अर्धं फिलूला, शेवट रोझीला. असं करून ते पुरं व्हायचं.

एकदा हळदीच्या गाण्यात ते अडले. मी ओळ देणार तोच ते वेगळंच काही गुणगुणायला लागले. चाल आम्ही कधी ऐकलेली नव्हती.

“नवी होडी, नवी व्हकल, पाणी दोघांक नवा,
हळू चल गे खाडये, आज घाई कोणाक व्हया.”

व्हकल म्हणजे नवरी. रोझीनं विचारलं, “ह्या कोणाचा, दाजीनू? मामांचा?”

“नाय,” ते म्हणाले. “माझा. मंजुळेक लगीन करून खाडयेच्या पलयाडसून हाडलंय, तेवा केल्लंय. होडी वल्हवता वल्हवता. होडी माझीच होती, नवी.”

मंजुळाकाकी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी पदर नीट केला. “ह्या माका म्हायत नव्हता,” त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, “इतकी वर्सां कधी म्हणाक नाय ह्यांनी.”

“लाज वाटली,” दाजी म्हणाले.

ते गाणं आम्ही त्याच संध्याकाळी शिकलो. काकीही शिकल्या. मग खराड्यांची बदली झाली. जाताना ते सगळ्यांच्या पाया पडले, अगदी फिलूच्यासुद्धा, आणि फिलू संकोचानं ढोलकीमागे लपला. पुढे दाजींचं येणं कमी होत गेलं. आले तरी हात वर करायचे नाहीत. नुसते बसून असायचे, कुणीकडे तरी बघत. काकी त्यांना हाताला धरून आणायच्या आणि हाताला धरून न्यायच्या. मला ते कधी जयू म्हणायचे, कधी माझ्या सासूच्या नावानं हाक मारायचे.

शेवटचे आले त्या दिवशी पडवी भरलेली होती. नवीन माणसं होती, त्यांतल्या काहींना हे म्हातारे गृहस्थ कोण तेही माहीत नव्हतं. मी त्यांच्यासाठी नव्या होडीचं गाणं धरलं. सगळ्यांनी ते सावकाश म्हटलं, काकींनी सगळ्यांत सावकाश. दाजी मान किंचित कलती करून ऐकत होते. गाणं संपलं तसे ते माझ्याकडे वळले.

“बरा गाणा आसा,” ते म्हणाले. “कोणाचा?”

मी काकींकडे बघितलं. त्यांनी दाजींचा हात आपल्या हातात घेतला.

“एक होडये बांधणारो होतो,” काकी म्हणाल्या. “तेचा.”

दाजींनी त्याचा विचार केला. मग अवघडल्यासारखे बाकड्यावर थोडे पुढे सरकले, आणि अनोळखी दुकानात शिरलेला माणूस विचारतो तसं, आवाज लहान करून मला विचारलं, “माका शिकवशात?”

“शिकवतंय मा,” मी म्हणाले.

मी पहिली ओळ सांगितली. त्यांनी अर्धी म्हटली आणि माझ्याकडे बघत थांबले. आम्ही सगळे थांबलो.

“परत?” त्यांनी विचारलं.

“परत,” मी म्हणाले.